आईशिवायचा पहिला नाताळ: घरोघरची ताटं पाठवायची की नाही?

खाडीपलीकडे | ७ डिसेंबर २०२५, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वाचत असते, पण हे कोणाला तरी विचारल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून लिहायला घेतलंय.

आमचं घर वेंगुर्ला तालुक्यात, खाडीला लागून. मी नोकरीसाठी ठाण्यात. भाऊ, वहिनी आणि सहा वर्षांची भाची गावच्या घरात. बाबा पूर्वीच गेले, आणि आई यंदा मे महिन्यात गेली.

आमच्यातली रीत अशी की वर्षाच्या आत दुःख झालेल्या घरात नाताळची कढई चढत नाही. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जायचं, कबरीवर फुलं न्यायची, पण नेवऱ्या, दोदोल असलं गोडाचं काही करायचं नाही. सावंतवाडीच्या मावशीने फोनवर सांगूनच टाकलं, "ह्या वर्साक कायएक करू नको गे. लोका काय म्हणतली?" मावशीचं चुकत नाही. आईनेही आजी गेली त्या वर्षी काही केलं नव्हतं, मला आठवतंय.

पण आई दरवर्षी ११ ताटं पाठवायची. २४ तारखेला दुपारी जेवणं उरकली की पडवीत चटई टाकून ती ताटं मांडायची. नेवऱ्या, दोदोलाच्या वड्या, कलकल, दोस, बिबिंकाचा एकेक काप. वरून तिने स्वतः विणलेला पांढरा क्रोशाचा रुमाल. वाडीतली आठ घरं, पोस्टमन, बाबांचे जुने तांडेल (होडीचे प्रमुख), आणि जेटीकडच्या मुसलमान वाडीतल्या खाला. खालांच्या ताटातला केक वेगळा, रम न घातलेला. तो ती सगळ्यात आधी भाजायची, भांडंही वेगळं. मी लहान असताना ती ताटं पोचवायचं काम माझ्याकडे होतं. रुमाल परत आणायचा आणि ताट मात्र तिकडेच ठेवून यायचं, हे मला बजावून सांगितलेलं असायचं. कारण ताट रिकामं परत येत नाही, त्यांना सवड मिळेल तेव्हा ते भरून येतं.

आता प्रश्न. ताटं पाठवायची का? भाची येशूजन्माचा गोठा आणि चांदणी कधी लावायची म्हणून रोज विचारते, तिला काय सांगायचं? आणि ताटं यंदा नाही तर पुढच्या वर्षी करायचीच आहेत, तर दोदोल कसा करायचा? आईने कुठे लिहून ठेवलेलं नाही. तिच्या हाताशी उभं राहून मी नुसतं ढवळलं, मोजलं काहीच नाही.

---

सुकेळी | ७ डिसेंबर, रात्री १०:२५

बाळा, आधी तुझं दुःख हलकं होवो. मी वसईची, वय ६७.

आमच्याकडेही दुखवट्याच्या घरी गोडाचं करत नाहीत. पण गोठ्याचं वेगळं आहे. गोठा ही काही मौजमजा नव्हे. गोठा म्हणजे प्रार्थनेची जागा. माझे यजमान गेले त्या वर्षी मी घरावर माळा लावल्या नाहीत, गाणी लावली नाहीत, पण गोठा केला. लहानसा केला. बाळ येशूला २४ च्या रात्रीपर्यंत ठेवत नाहीत ना, तोवर ती गव्हाणी रिकामी असते. त्या वर्षी त्या रिकाम्या गव्हाणीकडे बघत मी किती वेळ बसले असेन, सांगता येत नाही. मला त्याचा आधार वाटला.

भाचीला गोठा करू दे. आगमनकाळाच्या चार मेणबत्त्या लावत असाल तर आज दुसरी लागली असेल. येत्या रविवारी, १४ तारखेला, गुलाबी लागेल. तीन जांभळ्या आणि ही एकच गुलाबी का, ते तिला सांग. आनंदाचा रविवार म्हणतात त्याला. दुःखाच्या घरातही तो रविवार येतोच.

---

कल्हई | ८ डिसेंबर, सकाळी ७:०५

मी देवगडची, आणि आमच्याकडे नाताळ नाही. पण ताटांबद्दल वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्यातही वर्षाच्या आत घरात कोणी गेलेलं असेल तर दिवाळीला फराळ करत नाहीत. शेजारी आणून देतात. २०१९ ला सासरे गेले तेव्हा आमच्या पडवीत सहा घरचे डबे जमले होते. प्रत्येकाच्या चकलीचा काटा वेगळा. मुलं खात होती आणि मी पदर डोळ्याला लावून डबे घासत होते. ते डबे मी तसेच परत दिले, कारण त्या वर्षी भरून द्यायला काही नव्हतं. कोणी एक शब्द काढला नाही.

म्हणून वाटतं, तुमचे शेजारी तुमच्याकडून यंदा ताट येईल असं धरूनच चालले नसतील. उलट त्यांना वाटत असेल की आपण काय न्यावं. तुम्हाला दिवाळीला कोणी काही दिलं का? तुमचं सुतक नाही, पण दुःख तेच.

---

खाडीपलीकडे | ८ डिसेंबर, दुपारी १:१५

कल्हईताई, दिलं की. मी दिवाळीत गावी नव्हते, पण वहिनीने सांगितलं, शेजारच्या काकींनी लाडू-करंज्यांचा डबा आणला होता. दरवर्षी आणतात, त्यामुळे तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. फक्त यंदा डबा मोठा होता म्हणे. हे आत्ता तुमचं वाचल्यावर लक्षात आलं.

---

रापण | ८ डिसेंबर, रात्री ८:५०

मी मालवणचा. दोदोलाचं मी सांगतो. आमच्या शेजारच्या बायमावशी दरवर्षी करायच्या आणि ढवळायला वाडीतल्या पोरांना बोलवायच्या, मी त्यातलाच एक. १२ वर्षं ढवळलाय, त्यामुळे मापं डोक्यात आहेत.

तांदळाचं पीठ अर्धा किलो, अगदी बारीक. माडाचा काळा गूळ एक किलो, तुमच्याकडे गोव्याहून येणारा मिळेल. उसाच्या गुळाचा दोदोल होतो, पण तो रंग येत नाही आणि तो धुरकट वासही येत नाही. नारळ पाच, मोठे. जाड रस वेगळा काढायचा, मग दोनदा पाणी घालून पातळ रस. मिठाची चिमूट. काजू मूठभर, भाजायचे नाहीत.

पीठ पातळ रसात कालवून घ्यायचं, गाठ राहता कामा नये. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळायचा. गाळायचाच, माडाच्या गुळात कचकच असते. दोन्ही एकत्र करून जाड बुडाच्या पितळी कढईत मंद आचेवर. दाटायला लागलं की जाड रस थोडा थोडा. तिथून पुढे दोन-अडीच तास हात थांबवायचा नाही. आधी ते पिठल्यासारखं बुडबुडतं आणि अंगावर उडतं, म्हणून लांब दांड्याचं लाकडी उलथणं घ्या आणि हाताला फडकं गुंडाळा. मग ते जड होतं. मग कडेने तेल सुटायला लागतं. पहिलं तेल दिसलं की लोक उतरवतात, तिथेच चूक होते. गोळा कढई सोडून उलथण्याबरोबर फिरायला लागला पाहिजे. बोटाला तूप लावून दाबलं तर चिकटता कामा नये. तेव्हा काजू घालायचे आणि तूप लावलेल्या ताटात ओतायचं. वड्या दुसऱ्या दिवशी, सुरीला तेल लावून.

दोन माणसं हवीतच. एकट्याने होत नाही हे काम. बायमावशी म्हणायच्या, "दोदोल आणि लगीन, एका घरान होवचा नाय."

---

सुकेळी | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

किती छान सांगितलंत. आमच्या वसईत दोदोल कमी, फुगे जास्त. पूर्वी त्यांचं पीठ ताडी घालून फुगवायचे, आता ईस्ट. आणि रोझ केक, त्याचा तो पितळी साचा तेलात तापवून पिठात बुडवायचा. साचा पुरेसा तापला नाही तर पीठ सुटत नाही, आणि साचा पूर्ण बुडाला तर फूल अडकून बसतं. काठ वर राहिला पाहिजे.

---

चौथा_डबा | ९ डिसेंबर, सकाळी ८:२०

धागा वाचून राहवलं नाही. मी डोंबिवलीकर, गाव कुडाळजवळ. सुट्टीत गावी जायचं तर आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २४ डिसेंबरचं तिकीट दिवाळी संपते न संपते तोच काढावं लागतं. मला २३ चं मिळालं, उभ्याने का होईना पण पोचणार.

माझी तक्रार वेगळी आहे. गेल्या वर्षी २४ च्या रात्री आमच्या मित्राच्या वाडीत मिस्साला निघालो तर पाखाडीच्या, म्हणजे वाडीत शिरणाऱ्या अरुंद वाटेच्या तोंडाशी चार मोठ्या गाड्या आडव्या लावलेल्या. मुंबई-पुण्याकडच्या पाहुण्यांच्या, मालक किनाऱ्यावर. मित्राची आजी ८४ वर्षांची, गुडघे गेलेले. तिला खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी बांधावरून नेलं. ती वाटेत एकच म्हणत होती, "उशीर झालो काय रे?" चर्चच्या पायरीवर पोचलो तेव्हा आतून गाणं सुरू झालेलं. ती रडली. त्या रात्रीपासून सुट्टी म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर ती खुर्ची येते.

पर्यटन हवं, मान्य. पण सण ज्यांचा आहे त्यांना त्यांच्याच देवळात जाता येऊ नये?

---

रापण | ९ डिसेंबर, रात्री ९:१५

चौथा_डबा, वाचून वाईट वाटलं. मी स्वतः तीन खोल्यांचं होमस्टे चालवतो, म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

२३ डिसेंबर ते २ जानेवारी हे ११ दिवस आमच्या वर्षाचा कणा आहेत. यंदा दिवाळी उलटून गेल्यावरही पाऊस पडत राहिला, बोटी किनाऱ्यावर, भात आडवं झालं, पेंढा काळा पडला. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला, पूर्वीसारखं मिळत नाही हे किनाऱ्यावरच्या कोणालाही विचारा. या ११ दिवसांत माझी बायको रोज ३० माणसांचं जेवण करते, वाडीतल्या चार बायकांना हाताशी घेऊन. मुलांच्या फिया यातून जातात.

पण गाड्यांचं म्हणाल तर तो दोष पाहुण्यांइतकाच आमचा. गाडी कुठे लावायची हे सांगणं यजमानाचं काम. आमच्या वाडीत आम्ही असं केलं: कापणी झालेल्या मळ्याचा रस्त्यालगतचा एक कोपरा कुळीथ न पेरता रिकामा ठेवायचा. ज्याची जमीन त्याला सगळे होमस्टेवाले मिळून कुळथाचे पैसे देतात. आणि २४ ला संध्याकाळी ७ नंतर पाखाडीत एकही गाडी येऊ द्यायची नाही, म्हणून दोरी बांधून दोन पोरं उभी करतो. पाहुण्यांना खोली देतानाच सांगतो की आज आमच्या शेजाऱ्यांचा सण आहे. आजवर एकानेही वाद घातला नाही. उलट दोन वर्षांपूर्वी नाशिकचं एक कुटुंब म्हणालं, आम्ही आलो तर चालेल का. मागच्या बाकावर बसले होते शेवटपर्यंत.

---

चौथा_डबा | ९ डिसेंबर, रात्री १०:००

दोरीचं आणि कुळथाचं ऐकून बरं वाटलं. मी मित्राला हे जसंच्या तसं पाठवतोय. धन्यवाद दादा.

---

पेज_आणि_खार | १० डिसेंबर, सकाळी ११:३०

मिस्साच्या वेळेवरून: बऱ्याच ठिकाणी आता मध्यरात्रीची मिस्सा लवकर होते, कारण उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री १० ची मर्यादा आहे. पाहुण्यांना वाटतं १२ ला असेल, तोवर रस्ता मोकळा. वेळ आधी विचारून घ्या आणि पाहुण्यांनाही सांगा.

बाकी धागा भरकटू नये. खाडीपलीकडे ताईंचा प्रश्न ताटांचा आहे.

आणि एक बारीक गोष्ट. यंदा २५ डिसेंबर गुरुवारी येतोय. पण मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार १८ ला होऊन जातो, नाताळ पौषात. तेव्हा महालक्ष्मीच्या उपवासाची अडचण नाही. गेल्या वर्षी उलट होतं, नाताळ बुधवारी आणि २६ ला शेवटचा मार्गशीर्ष गुरुवार. आमच्या समोरच्या घरच्या बाईंनी तेव्हा केक अंड्याशिवाय केला आणि २५ लाच सकाळी आणून दिला, म्हणाल्या, "उद्या उद्यापन, मगे तुमका खावक गावचा नाय." आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांनीच कॅलेंडर बघितलं होतं.

---

सुरंगी | १० डिसेंबर, दुपारी ४:४५

मी रेवदंड्याची. आमच्या खाडीच्या पलीकडे कोर्लई. तिथलं सांगते, कारण ताटांच्या या रिवाजाची मुळं कुठून आली ते तिथे नीट दिसतं.

चौल आणि कोर्लई पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे १७४० साली आली, वसई त्याच्या आदल्या वर्षी. पोर्तुगीज गेले, पण कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी एका वाडीत त्यांच्या बोलीतून तयार झालेली भाषा राहिली. ते लोक तिला 'नौ लिंग' म्हणतात, आपली भाषा. बोलणारी माणसं जेमतेम हजारभर असतील. भोवती सगळी मराठी, शाळा मराठी, बाजार मराठी, आणि घरात ही बोली. माझ्या वर्गात तिथली मैत्रीण होती. डब्याला मासे आमच्यासारखेच, मराठी आमच्यासारखीच, आणि आईशी फोनवर बोलायला लागली की मला एक शब्द कळायचा नाही.

'नाताळ' हा शब्दच पोर्तुगीज. तुमच्याकडे दक्षिणेला नाताळच्या ताटाला कुंसवाद म्हणतात ना? तोही तिथलाच शब्द, त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला तो वापरतात. शब्द समुद्रापलीकडचा, पण ताटात आहे काय? तांदूळ, नारळ, माडाचा गूळ. नेवरी म्हणजे आपली करंजीच. शेजाऱ्याकडे ताट पाठवणं आणि ते रिकामं परत न करणं हे तर आपल्याकडे गौरीपासून होळीपर्यंत चालतं. म्हणूनच मला वाटतं कल्हईताई म्हणाल्या ते बरोबर आहे. काकींना हे समजावून सांगावं लागणार नाही.

(जाता जाता, डिसेंबरात इकडे कोणी येणार असेल तर पोपटी चुकवू नका. वालाच्या शेंगा भरात आल्यात. मडक्यात खाली-वर भांबुर्डीचा पाला, मध्ये शेंगा, अंडी, बटाटे, ओवा-मीठ, आणि शेतात गोवऱ्या-पेंढ्याचा जाळ. आमच्याकडची नाताळच्या सुट्टीतली रात्र म्हणजे तीच.)

---

खाडीपलीकडे | १४ डिसेंबर, रात्री ८:३०

काल गावी आले. सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलंय.

मावशीशी परत बोलले. सुकेळीकाकूंचं गोठ्याबद्दलचं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "गोठो कर. तुझी आवय असती तर तिनापण केलो असतो." म्हणजे गोठा ठरला. आज गुलाबी मेणबत्ती भाचीने लावली. चांदणी लावायची, पण आत साधा पांढरा दिवा, लुकलुकणारा नाही.

आता गोठ्याच्या हिरवळीचं कसं करतात ते कोणी सांगेल का? आई नाचणी पेरायची एवढंच माहीत आहे.

---

पेज_आणि_खार | १४ डिसेंबर, रात्री ९:००

आजच भिजत घाला, वेळ निघून जाईल! रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यात बांधून ठेवा. मोड दिसले की पसरट ताटात दोन बोटं माती, त्यावर दाट पेरा, अगदी दाण्याला दाणा लागेल असं. वर ओलं गोणपाट दोन दिवस. मग गोणपाट काढून पडवीत उजेडाला ठेवा, उन्हात नको. पाणी हाताने शिंपडा, ओतू नका, दाणे एका बाजूला वाहून जातात. काळोखात राहिलं तर पिवळं पडतं. दहा दिवसांत चार बोटं उंच होईल.

---

खाडीपलीकडे | २२ डिसेंबर, रात्री १०:४०

नाचणी आली. भाची दिवसातून सहा वेळा तिच्यावरून तळहात फिरवते.

गोठ्याचं लिहायचं आहे. पेंढा हवा होता, आणि रापणदादा म्हणाले तसा यंदा सगळीकडे काळा. शेजारच्या काकींच्या माळ्यावर गेल्या वर्षीचा थोडा सोनेरी पेंढा होता, तो काकांनी शिडी लावून काढून दिला. छपराला काही मिळेना. तर काका गणपतीच्या वर बांधतात त्या माटवीच्या चार पट्ट्या घेऊन आले. मी म्हटलं, "काका, ही माटवी." तर म्हणाले, "भाद्रपदाक अजून लय दीस आसत. तोवर हय ऱ्हवांदे." त्या पट्ट्यांवर शेंदराचे बारीक ठिपके आहेत, गेल्या कित्येक वर्षांचे. आम्ही ते पुसले नाहीत. आता त्या छपराखाली गाय, गाढव, मेंढपाळ उभे आहेत, आणि मध्ये गव्हाणी रिकामी.

ताटांचं ठरवलंय, यंदा पाठवणार नाही. ११ घरी मी स्वतः जाऊन नुसती मेणबत्ती देणार आणि रात्री आईसाठी एकदा लावा म्हणून सांगणार. हे मावशीलाही पटलं.

---

सुकेळी | २२ डिसेंबर, रात्री ११:०५

फार चांगलं केलंस गं. देव तुझं भलं करो.

---

कल्हई | २३ डिसेंबर, सकाळी ६:५०

मी इथे देवगडात एक लावीन. १२ धरा.

---

खाडीपलीकडे | २६ डिसेंबर, रात्री ९:२०

काय झालं ते लिहिते.

२४ ला दुपारी मी मेणबत्त्या पिशवीत भरत होते तोवर काकी आल्या. हातात आमचंच ताट. म्हणजे आईने गेल्या वर्षी पाठवलेलं, कडेला आईने नेलपॉलिशने केलेली लाल खूण असलेलं. त्यांच्याकडे राहून गेलं होतं. त्यात करंज्या होत्या. खोबऱ्याच्या, वर तिळाचे दाणे, अगदी आई नेवरीत घालायची तसे. काकी म्हणाल्या, "गेल्या नाताळापासून ह्या ताट माज्या फडताळान हा. भरून देवचा म्हणान रवला होता, आणि ती गेली. मगे ठरवलंय, नाताळाकच देतलंय." त्या ताटावर रुमाल नव्हता, स्वच्छ धुतलेलं केळीचं पान होतं.

माझ्याने काही बोलवेना. भाचीने ताट हातात घेतलं आणि सरळ गोठ्यासमोर नेऊन ठेवलं.

संध्याकाळपर्यंत सात ताटं आली. तांडेलकाका स्वतः येऊ शकत नाहीत, त्यांच्या सुनेने सुकी खोबऱ्याची वडी आणली. पोस्टमनच्या घरून चिवडा. खाला रात्री आल्या, मिस्साच्या आधी. त्यांनी केक आणला होता. म्हणाल्या, तुझी आई माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात करायची, ते भांडं तिने मला एकदा दाखवलं होतं, तसंच नवं भांडं आणलं. त्यांच्याकडे ओव्हन नाही. चुलीवर, वर-खाली निखारे घालून केला होता. खालून थोडा लागला होता. आम्ही सगळ्यांनी तो खरवडून खाल्ला.

मिस्सा रात्री ९ ला होती. पाखाडीत दोरी नव्हती, पण भावाने आणि काकांच्या मुलाने पाहुण्यांच्या गाड्या पुढच्या मळ्यात लावायला सांगितल्या होत्या. परत आलो, बाळाला भाचीने गव्हाणीत ठेवलं. वाडीतून आत येताना आठही पडव्यांवर एकेक मेणबत्ती होती.

दोदोल पुढच्या वर्षी. रापणदादा, मापं वहीत उतरवून घेतली आहेत. ढवळायला काकांचा मुलगा येणार म्हणालाय.

---

रापण | २६ डिसेंबर, रात्री ९:४५

मी पण येतो. कढई मोठी बघा, आणि गूळ ऑक्टोबरातच घेऊन ठेवा, नाताळाजवळ चांगला मिळत नाही.

---

चौथा_डबा | २७ डिसेंबर, दुपारी १२:१०

आजी यंदा वेळेवर पोचली. दुसऱ्या बाकावर बसली होती. एवढंच सांगायला लॉगिन केलं.

---

खाडीपलीकडे | ६ जानेवारी २०२६, रात्री ८:००

आज तीन राजांचा सण. गोठा उचलला. माटवीच्या पट्ट्या फडक्यात गुंडाळून काकांना परत दिल्या. नाचणी वीतभर वाढली होती आणि आडवी व्हायला लागली होती, ती भाचीने काकींच्या पाडीला घातली. पाडीने माती लागलेली मुळंसुद्धा सोडली नाहीत.

सात ताटं घासून फडताळात ठेवली आहेत. मी उद्या ठाण्याला निघते.